एका ओढीत सुटणारी गाठ

सुकेळी म्हणजे काय हे वसईबाहेरच्या माणसाला समजावून सांगावं लागतं, आणि समजावून सांगायचा मला कंटाळा आहे. तरी सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं काहीच कळणार नाही. राजेळी जातीची केळी घ्यायची, लांब आणि जाड सालीची. ती पिकवायची, सोलायची आणि कामट्यांच्या मांडवावर उन्हात घालायची. सूर्य कलला की एकूण एक केळं उचलून पानांत झाकून ठेवायचं, कारण रात्रीचं दव लागलं की केळं आंबतं. सकाळी पुन्हा मांडवावर. असं करत करत रस आटतो, रंग मधासारखा होतो, आणि बोटाला चिकटेल पण बोटाबरोबर येणार नाही अशा बेताला केळं तयार होतं. मग चार-सहा केळी एकत्र करून केळीच्या वाळक्या पानात गुंडाळायची आणि सोपाच्या, म्हणजे केळीच्या खोडाच्या पापुद्र्याच्या, दोरीने बांधायची. झाला पुडा. सुक्या मेव्याच्या दुकानात प्लॅस्टिकच्या डबीतून जे काही विकतात त्याला मी सुकेळी म्हणत नाही, आणि कोणी म्हटलं तर माझं डोकं फिरतं.

भुईगावच्या आमच्या वाडीत या कामाची वाटणी ठरलेली होती. सोलणं, घालणं, उचलणं आईचं, बांधणं बाबांचं. संध्याकाळी पडवीत बाबा भिंतीला टेकून बसायचे, आई समोर बसून पुड्यावर एक बोट दाबून धरायची, आणि बाबा गाठ मारायचे. ती गाठ त्यांची स्वतःची होती. एक टोक ओढलं की गाठ आणखी आवळायची, दुसरं ओढलं की एका ओढीत सुटायची. गिऱ्हाइकाला वास देण्यासाठी पुडा उघडावा लागतो आणि पुन्हा बांधावा लागतो, म्हणून त्यांनी ती युक्ती काढली होती. आगाशीच्या बाजारात जुन्या बायका केळं न बघता नुसती गाठ बघून पुडा उचलायच्या. लहानपणी मी बोट धरायचा हट्ट करायचो, पण माझं बोट चुळबुळतं म्हणून आई मला उठवून लावायची. पुढे मी वालीवला एका कारखान्यात लेथवर लागलो, नंतर स्वतःची दोन मशिनं टाकली. आमचा माल खोक्यात जायचा, खोक्याला पट्टी, पट्टीला क्लिप. गाठीशी माझा संबंध बुटाच्या नाडीपुरता उरला.

आमच्याकडे आणखी एक रीत होती. पुडा सुटला की पहिलं केळं घरातल्यानं खायचं नाही, दाराबाहेरच्या माणसाला द्यायचं. मग तो कोणीही असो. शेजारच्या मावशी चर्चमधून येता येता आमच्या फाटकाशी मुद्दाम रेंगाळायच्या, आणि बाबा त्यांना चिडवायचे की तुमची प्रार्थना आज आमच्या पुड्यापाशी येऊन संपली. कोणीच दिसलं नाही तर बाबा रस्त्यावर जाऊन माणूस धरून आणायचे. एकदा रस्ता चुकलेल्या एका फटफटीवाल्याला त्यांनी असं काही ओढून आणलं की तो बिचारा घाबरलाच होता.

बाबा गेले तेव्हा पत्र्याच्या डब्यात एक पुडा शिल्लक होता, शेवटच्या घाण्यातला, उरल्यासुरल्या केळ्यांचा. त्याच्या आधीच आमचं राजेळीचं बेट संपलं होतं. शेजारचं बावखल, म्हणजे वाडीला पाणी पुरवणारं तळं, भराव टाकून बुजवलं, विहिरीचं पाणी मचूळ झालं, आणि केळी एकेक करून पिवळ्या पडत गेल्या. त्यामुळे तो पुडा शेवटचाच होता, आणि आईने तो सोडला नाही. "सोडंन, आणि मग? बांधील कोण?" एवढंच ती म्हणायची. ती गाठ दुसऱ्या कोणाला येत नव्हती. आईला पुड्याची हौस नव्हती, आतली केळी एव्हाना खाण्याच्या पलीकडे गेली असणार हे तिलाही कळत होतं. तिला राखायची होती ती गाठ. वर्ष गेलं, दुसरं गेलं, तिसरं, चौथं गेलं. वाडीत राहिलेल्या चाफ्याची फुलं वेचायला ती जायची, पण मांडवाच्या जागेकडे पाठ करून वेचायची.

अशात माझ्या लेकीने आम्हाला मेक्सिकोला बोलावलं. ती पुएब्ला नावाच्या शहरात नोकरी करते. माझी बायको तेव्हा थोरल्या मुलीच्या बाळंतपणात अडकलेली होती, म्हणून मी आणि आई असे दोघेच निघालो. आई सत्तरी कधीच ओलांडलेली, गुडघे कुरकुरणारे, पण नाही म्हणाली नाही. तिला नातीला बघायचं होतं. पिरॅमिडबिरॅमिडशी तिला काही देणंघेणं नव्हतं.

विमानतळावर खाण्याचं काही आणलंय का असं विचारलं तेव्हा मी छाती पुढे काढून नाही म्हणालो. पुएब्लाला लेकीच्या घरी आईने बॅग उघडली आणि परकरांच्या घड्यांमधून पत्र्याचा डबा काढला. मी किती बोललो असेन त्याला मोजमाप नाही. दंड झाला असता, अडकवून ठेवलं असतं, विमानाचं तिकीट पाण्यात गेलं असतं. आईने शांतपणे ऐकून घेतलं. "घरी ठेवला असता तर मुंग्या लागल्या असत्या," ती म्हणाली, आणि पुडा कापडी पिशवीत घालून पिशवी खांद्याला अडकवली. त्यानंतरच्या सगळ्या प्रवासात ती पिशवी तिच्या खांद्यावरून उतरली ती फक्त आंघोळीला.

पुएब्ला मला आवडलं. जुन्या घरांच्या भिंतींवर निळ्या-पिवळ्या नक्षीच्या फरश्या, दगडी रस्ते, चौकात बाकं, आणि बाकांवर कसलीही घाई नसलेली म्हातारी माणसं. तिथल्या एका चर्चच्या दारात आईने चपला काढल्या. नात म्हणाली, आजी, इथे चपला घालूनच जातात. "त्यांना जाऊ दे," म्हणून आई अनवाणीच आत गेली, भुईगावच्या चर्चच्या सणाला जाते तशी हात जोडून उभी राहिली आणि बाहेर येऊन म्हणाली की सोनं फार लावलंय, पुसायला माणसं किती लागत असतील. अंगणात चाफ्याचं झाड होतं. ते बघून तिला शेजारीण भेटल्याचा आनंद झाला. "आपला चाफा अटे कोणी आणला?" नातीने सांगितलं की चाफा मुळात या बाजूचाच, इथून तो आपल्याकडे गेला. आईने तिच्याकडे असं पाहिलं की पोरीने पुढचं वाक्य गिळलं. सीताफळ, पेरू, मिरची, पपई यांचा उगम सांगायचा तिचा बेत होता, तो तिथेच बारगळला.

जवळच चोलुला म्हणून गाव आहे. तिथे एक टेकडी आहे आणि टेकडीवर चर्च. पण ती टेकडी नाही, माती आणि गवताखाली गेलेला प्रचंड पिरॅमिड आहे. जुन्या लोकांचं देऊळ खाली, नव्यांचं वर. आम्ही चढायला लागलो, अर्ध्यावर आईचे गुडघे संपले आणि ती पायरीवर बसली. मी तिला सगळी हकिगत सांगितली, कोण आले, कोणी काय पाडलं, कशावर काय बांधलं. मला वाटलं ती हळहळेल. तिने खालून येणाऱ्या बायका पाहिल्या, हातात फुलं घेतलेल्या. "दोघांना जिना एकच हाय," ती म्हणाली. मग पिशवीतून पुडा काढून पदराने पुसला आणि परत ठेवला.

तिथून गाडीने आम्ही वाहाका नावाच्या शहराला गेलो. वाहाकाचा बाजार हे माझ्या त्या प्रवासातलं सगळ्यात लाडकं ठिकाण. निवडुंगाच्या पानांवरचे काटे सपासप खरवडणाऱ्या बायका, दालचिनी घालून कोको दळणाऱ्या गिरण्या, चिंध्यांसारख्या लोंबणाऱ्या मांसाच्या पट्ट्या, धूर, ओरडा. मी मागे राहिलो आणि आई पुढे गेली, कारण बाजार म्हटलं की तिचे गुडघे दुखत नाहीत. एका टोपलीपाशी ती थबकली. लालसर, बारीक, कुरकुरीत, सुक्या कोळंबीसारखं दिसणारं काहीतरी ढिगाने होतं. "अटे जवळा मिळतो की!" तिने हर्षाने चिमूट तोंडात टाकली. विकणाऱ्या बाईने आणखी चिमूट दिली, तीही गेली. तोवर नात धापा टाकत पोहोचली आणि म्हणाली, आजी, हे टोळ आहेत, तळलेले टोळ. आई चावायची थांबली. आम्ही दोघं श्वास रोखून उभे. "मीठ कमी हाय," आई म्हणाली आणि उरलेलं गिळून टाकलं.

त्या बाजारात ती गाठी बघत होती हे माझ्या लक्षात आलं. मक्याच्या सालात बांधलेले मोदकासारखे पुडे, पानात बांधलेलं चीज, ताडाच्या पट्टीने बांधलेल्या लसणाच्या माळा. प्रत्येक ठिकाणी ती वाकून बांधणी बघायची, एखादं टोक हलकेच ओढून बघायची आणि मान हलवून पुढे जायची. ती काय शोधतेय हे मला कळत होतं.

वाहाकाजवळ मितला नावाच्या ठिकाणी जुने वाडे पडलेले आहेत. पडलेले म्हणजे छपरं गेलीत, भिंती मात्र शाबूत. त्या भिंतींवर दगडाचे लहान लहान तुकडे एकमेकांत बसवून नक्षी केली आहे, जिन्यासारखी, लाटेसारखी, आणि दोन तुकड्यांमध्ये चुना नाही की माती नाही. नुसते कापून बसवलेले. जन्मभर मापात माप बसवण्यात गेलेला मी माणूस. मी वेडाच झालो. दोन तुकड्यांच्या सांध्यात नख जातं का बघत होतो तर राखणदाराने शिट्टी मारली. मी माफी मागितली आणि तो वळल्यावर पुन्हा बघितलं. नाही गेलं.

आई सावलीला बसली होती. मी तिला ते कौतुक ऐकवत होतो, की बघ, इतक्या वर्षांत हललं नाही, आणि आता कसं केलं ते नेमकं कोणाला ठाऊक नाही. तिने भिंतीकडे मान वर करून पाहिलं. "करणारा कोणाला सांगून गेला नसंल," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "तुझ्या बाबांना मी म्हणाले होते. एकदा पोराला दाखवून ठेवा. तर म्हणाले, घाई काय हाय." त्या उन्हात, त्या परक्या भिंतीसमोर, बाबांची इतकी आठवण आली की मी उगाचच पाण्याची बाटली आणायला गाडीकडे गेलो.

वाहाकाहून समुद्राकडे जायचा रस्ता डोंगरातून जातो. वळणांनी आई बेजार झाली, लिंबू हुंगत मागच्या सीटवर पडून राहिली. पण डोंगर उतरून किनारपट्टी लागली तशी ती उठून बसली. हवा दमट झाली, माड दिसायला लागले, कुठेतरी सुक्या मासळीचा वास आला. आम्हाला अर्नाळ्याच्या अलीकडे पोहोचल्यासारखं वाटलं. रात्री राहायची सोय व्हायची होती आणि लेकीच्या फोनला रेंज मिळत नव्हती, म्हणून एका खेड्याच्या तोंडाशी तिने गाडी लावली आणि रेंज शोधत ती मागे चढावर चालत गेली. मी पाय मोकळे करत होतो. आईने नाक वर केलं.

"अटे कोणीतरी सुकेळी घातलीत."

मी हसलो. ती गाडीतून उतरली, पिशवी सावरली आणि एका गल्लीत शिरली. मी मागोमाग. झावळ्यांनी शाकारलेलं एक घर होतं, पुढे झाडून लख्ख केलेलं अंगण, आणि अंगणात बांबूचा मांडव. मांडवावर सोललेली केळी, ओळीने, मधाच्या रंगाची. आमचीच. राजेळीपेक्षा जरा आखूड, पण तीच घालायची तऱ्हा, तोच वास. मी जागच्या जागी उभा राहिलो. मला आमची पडवी दिसली, मांडव दिसला, सगळं दिसलं.

आई उभी राहिली नाही. सूर्य माडांच्या मागे गेला होता आणि हवेत तो ओलसर गारवा यायला लागला होता. लहानपणी हा गारवा आला की आई वाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओरडायची, उचला रे, उचला, आणि आम्ही असू तिथून, खेळातून, अभ्यासातून, ताटावरून उठून मांडवाकडे पळायचो. आताही तेच झालं. तिने पदर पसरला आणि मांडवावरची केळी भराभर उचलून पदरात घ्यायला लागली. "दव पडेल. बघतोस कय? हात लाव!"

आणि मी हात लावला! काय सांगू, मी खरंच हात लावला. परक्या देशात, परक्या अंगणात, साठीला आलेला बाप्या मी, आईने ओरडल्याबरोबर केळी उचलायला लागलो.

घरातून एक बाई धावत आली. आईच्याहून थोडी लहान, दोन वेण्या, हातात खराटा. ती काय ओरडत होती त्यातला शब्द कळत नव्हता आणि सगळं कळत होतं. मला स्पॅनिश येत होतं ते आभार, किंमत आणि संडास एवढंच. मी आभार मानले. त्याने ती आणखी भडकली. आई मात्र तिला समजावत होती, आमच्या भाषेत, शेजारणीला समजवावं तशी. "अगं बाई, दव लागलं की आंबतील ना, कटे होतीस इतका वेळ?" बाईने तिचा पदर धरून हिसका दिला. केळी मातीत पडली.

तेव्हा आई भानावर आली. तिने आपल्या रिकाम्या पदराकडे पाहिलं, मातीतल्या केळ्यांकडे पाहिलं, त्या बाईच्या तोंडाकडे पाहिलं. तिचा चेहरा मी कधी विसरणार नाही. उभ्या जन्मात तिने कोणाच्या वाडीतला पडलेला नारळसुद्धा उचलला नव्हता. "तिला वाटलं आपण चोर," ती मला हळूच म्हणाली. मी गल्लीच्या तोंडाकडे बघत होतो, लेक येतेय का. ती दिसत नव्हती. आईने पिशवीत हात घातला.

"आई, नको," मी म्हणालो. "पोर येईल आता, ती सांगेल समजावून. नको सोडूस."

तिने पुडा बाहेर काढून तळहातावर ठेवला. बाईचा खराटा खाली आला नव्हता, पण ओरडणं थांबलं. तिची नजर त्या वाळक्या पानावर होती. आईने गाठीवरून अंगठा फिरवला, एकदाच, आणि टोक ओढलं. इतक्या वर्षांनीसुद्धा ती गाठ जराही अडकली नाही.

आतली केळी काळी पडली होती, वर साखरेचा पांढरा थर आला होता. आईने त्यातलं पहिलं उचलून त्या बाईपुढे धरलं. बाईने वास घेतला. मग दाढेखाली धरून कडक तुकडा तोडला आणि बराच वेळ चघळत उभी राहिली. मांडवाकडे बोट केलं, पुड्याकडे केलं, आईकडे केलं. आईने मान हलवली. बाईने खराटा भिंतीला टेकवला आणि खो-खो हसत सुटली. मांडवाच्या पलीकडे चटयांच्या गुंडाळ्या होत्या. ती तेव्हा त्या पसरायलाच निघाली होती. तिथे केळी उचलत नाहीत, मांडवावरच झाकतात.

मग त्या दोघींनी मिळून चटया पसरल्या. एकीने एक टोक धरायचं, दुसरीने दुसरं, मध्ये फुगा राहिला की दोघी एकदम झटकायच्या. पडलेली केळी आईने एकेक वेचली, धुतली. मला कोणी काम सांगितलं नाही. लेक आली तेव्हा दोघी ओट्यावर बसलेल्या होत्या आणि मी खांबासारखा उभा होतो. बाईने लेकीला काहीतरी विचारलं. लेक म्हणाली, आजी, ही विचारतेय की ही केळी कोणी केली.

"केली मी. बांधली ह्यांनी."

बाईने पुन्हा काही विचारलं. या वेळी लेक अडखळली, माझ्याकडे बघायला लागली. आईला न सांगताच कळलं. "तिला म्हणावं, ते नयत आता. ही शेवटची." लेकीने सांगितलं. बाईने आईच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. उठताना तिने स्वतःची चार केळी त्याच वाळक्या पानात आमच्या उरलेल्या केळ्यांशेजारी मांडली, पान मिटलं आणि ताडाच्या पट्टीने करकचून बांधलं. आमची सोपाची दोरी अंगणात पडली होती. आईने ती उचलली, न ताणता, न सरळ करता, जशी वाकडीतिकडी होती तशी रुमालात ठेवली.

गाडीत बसल्यावर माझा राग अनावर झाला. त्या बाईचा, रेंज शोधत बसलेल्या लेकीचा, सगळ्यांचा. "कोणी सांगितलं होतं दुसऱ्याच्या मांडवाला हात लावायला? गेली ना शेवटी!" आई काचेतून बाहेर बघत होती.

"दव पडत होतं," ती म्हणाली. पुष्कळ वेळाने म्हणाली, "सुटली रे." आणि ती रडली. बाबा गेले तेव्हासुद्धा माझ्या देखत रडली नव्हती.

परत आल्यावर लोक पिरॅमिडबद्दल विचारायचे, आई टोळांबद्दल सांगायची. पण दुपारी सगळं आवरलं की ती पडवीत रुमाल उघडून बसायची. सोपाची दोरी वर्षानुवर्षं बांधलेली राहिल्यामुळे जिथे वळली होती तिथे तिला घड्या पडलेल्या होत्या, आणि त्या घड्या तशाच होत्या. आई त्या घड्यांच्या मागावर निघाली. दुसरी, ताजी दोरी घ्यायची आणि जुनीकडे बघत बघत तशीच वळवायची. गाठ व्हायची, पण ओढली की आवळायची, दोन्हीकडून आवळायची. मी माझं डोकं चालवलं. तारेचा नमुना केला, मोबाइलवर फोटो काढून मोठे करून पाहिले, कागदावर आकृत्या काढल्या. वालीवला माझ्याकडे बिघडलेली मशिनं दुरुस्तीला घेऊन येतात लोक, आणि मला एक गाठ जमेना.

दिवाळीनंतर आईने मला आगाशीकडच्या एका ओळखीच्या वाडीतून राजेळीचा घड आणायला लावला. का, ते सांगितलं नाही. गच्चीवर आम्ही कामट्यांचा लहानसा मांडव घातला. ऊन होतं तोवर ती वर, सूर्य कलला की खालून हाक, "उचला रे." घरात मी एकटाच असलो तरी अनेकवचन. केळी उतरली आणि पुडे करायला बसलो, ती तिच्या नेहमीच्या जागी, अंगणाकडे पाठ करून. वळवली, ओढली, आवळली. सोडली. पुन्हा वळवली, आवळली. मग ती हातातलं सगळं खाली ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. बाबा टेकून बसायचे त्या जागेकडे.

"मी तर समोरून बघितली जन्मभर," ती म्हणाली. "ते तिकडून बांधायचे. मी इकडून."

ती उठली, गुडघ्यांवर हात देत, आणि जाऊन भिंतीला टेकून बसली. त्या जागी मी तिला कधी बसलेली पाहिली नव्हती. "तू माझ्या जागी बस. बोट धर. चुळबुळू नको." मी बसलो, पुड्यावर बोट दाबून धरलं. तिने डोळे मिटले. मग समोर जे दिसायचं ते सगळं उलटं करत, डावीकडचं उजवीकडे घेत, तिचे हात चालायला लागले. माझ्या बोटावरून दोरी दोनदा गेली, खालून आली, थांबली. "काढ बोट." मी काढलं.

"ओढ."

मी एक टोक ओढलं. गाठ आवळली. दुसरं ओढलं. एका ओढीत सुटली, पान आपोआप उलगडलं आणि तो वास पडवीभर झाला. आई हसली, पदर डोळ्यांना लावला, पुन्हा हसली. "हां. हीच." फाटकाबाहेरून शेजारच्या मावशींच्या सुनेचा आवाज आला. तिला हाक मारून आईने पहिलं केळं तिच्या हातावर ठेवलं. मग पुन्हा तो पुडा बांधला, पुन्हा मला ओढायला लावला. पुन्हा बांधला. अंधार पडेपर्यंत आमचं हेच चाललं होतं, आणि तोवर तिचे हात डोळे उघडे ठेवूनही चुकेनासे झाले.

शेवटी तिने दोरी माझ्या पुढ्यात टाकली आणि भिंतीचा आधार घेत उठली.

"आता तू ह्या बाजूला ये."

मी उठून बाबांच्या जागी बसलो. आई माझ्यासमोर तिच्या जुन्या जागी बसली, पुडा पुढे ओढला आणि त्यावर आपलं बोट दाबून धरलं.